झुंबरबाईचा ओढा

आमच्या वाळुंजेवाडीत झुंबरबाईला न भिणारा माणूस नव्हता, आणि भिणाऱ्यांत माझा नंबर पहिला. कारण सरळ आहे. माझं शेत पाटाच्या अगदी शेवटाला. वरच्या सगळ्यांचं भिजून झालं आणि चुकून काही उरलं, तर ते माझं. असं शेत असलेल्या माणसानं पाणी सोडणाऱ्या बाईशी वाकडं बोलून चालत नाही. ती मला कधी नावानं हाक मारत नसे. भर चावडीसमोर "ए शेवटकर!" म्हणून ओरडायची, आणि मी आपला "आलो, आलो" करत पळायचो.

आता मी कोल्हापुरात, शाहूपुरीच्या गूळ बाजारात तोलणारा आहे. पावणं, गाव कुठलं, असं कुणी विचारलं तर सांगतो, गारगोटीच्या पलीकडं, घाटमाथ्याला. तिथं आता कोण असतं, असं त्यानं पुढं विचारलं तर सांगतो, झुंबरबाई असते. मग मात्र त्याची सुटका नसते. सगळं ऐकूनच त्याला उठावं लागतं.

आमच्याकडं दिवाळी झाली की सगळं गाव ओढ्यावर उतरायचं आणि बांध घालायचं. दगड रचायचे, मधल्या फटींत निरगुडीचा पाला कोंबायचा, वरून चिकणमाती थापायची. पहिल्या पुरात तो वाहून जाणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी दरसाल तितक्याच हौसेनं घालायचा. अडलेलं पाणी पाटानं शेतांना जायचं आणि त्यावर मिरची, ऊस, उन्हाळी नाचणा व्हायचा. पाटातून शेतात पाणी जायचं तोंड ते दार; कुणाची पाळी कधी आणि कुठवर, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाटकरी. झुंबरबाईचा नवरा पाटकरी होता. संस्थान विलीन व्हायच्या आदल्या वर्षी तो तापानं गेला. त्याच्या दिवसाला जमलेली मंडळी जेवायच्या आधीच नवा पाटकरी कोण यावर भांडायला लागली. ज्याला त्याला आपला माणूस हवा होता. झुंबरबाई आतून आली, भिंतीला टेकवलेलं नवऱ्याचं खोरं उचललं आणि म्हणाली, "मानूस गेलाय, पाळी न्हाय गेली. आज कुनाचं दार हाय?" ती खोरं घेऊन पाटावर गेली आणि तेव्हापासून पाटकरीण झाली. बाईनं असलं काम करावं का, यावर गावात बरीच कुजबुज झाली, पण तिच्या तोंडावर बोलायची हिंमत कुणाला झाली नाही.

तिच्या पाटकरीपणात उजवं-डावं नव्हतं. आकाराम तिचा चुलत दीर. त्याचं शेत बांधाला लागून, पाटाच्या अगदी माथ्याला. पण पाळी संपली की त्याचंही दार ती स्वतः बुजवायची. तो हसून म्हणायचा, "वयनी, दिराचं तरी थोडं बघा." त्यावर ती म्हणायची, "बघतो की, म्हनून तर खोरं घिऊन आलो."

बांधाच्या वर डोह होता. त्यात साती आसरा राहतात, असं आमचं सगळं गाव मानतं. पाण्यातल्या सात बाया. डोहाच्या वरचं सगळं बन त्यांचं. वाळुंज, करंज, उंबर, आणि मधे केवड्याची इतकी दाट जाळी की ऊन खाली पोचत नसे. केवडा आमच्या शिवारात दुसरीकडं कुठं नव्हता. त्या बनात कुऱ्हाड न्यायची नाही, गुरं घालायची नाहीत, माणसानं पायसुद्धा टाकायचा नाही. बांधाच्या खालीही दोन्ही काठांना कासराभर, म्हणजे बैलाच्या दोरीएवढी, जागा आसरांची. नांगर तिथून वळवून घ्यायचा. आकारामची बायको शालूबाई, तिची शेळी एकदा काठावरचा उंबर ओरबाडताना दिसली. झुंबरबाईनं शेळी नेऊन चावडीला बांधली आणि शालूबाईला सगळ्या गावादेखत सोडवून न्यायला लावली. शालूबाई तिच्याशी पुढं पाडव्यापर्यंत बोलली नाही.

आणखी एक रिवाज होता. पाण्यावरून कुणावर आळ आला तर त्यानं डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, ओंजळ भरायची, "मी पानी चोरलं न्हाय" म्हणायचं आणि ती ओंजळ प्यायची. खोट्याला ते पाणी पचत नाही, असं म्हणत. पचत नाही म्हणजे काय होतं, ते बघायची वेळ कधी आली नाही. डोहात उतरल्यावर भल्याभल्यांना आठवायला लागायचं, आणि "उलिसं, जरासंच घेतलं हुतं" म्हणून ते ओल्या धोतरानं बाहेर यायचे. मग सगळे हसायचे आणि तंटा मिटायचा.

एक्कावन्न सालच्या सुमाराला डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, कोकणच्या बाजूला, कच्चा कोळसा लागल्याची बातमी आली. एका कंपनीनं तिकडून डोंगरात बोगदे घातले. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. खाण डोंगराच्या पाठीशी, आम्ही पोटाशी. फार तर कुठं लांब सुरुंगाचा आवाज यायचा आणि म्हातारी माणसं आभाळाकडं बघायची. बोगद्याच्या छताला टेकू द्यायला लाकूड लागतं, म्हणून कंपनीचा कंत्राटदार हंबीरराव आमच्याकडं आला. कोल्हापूरचा गडी, उंचपुरा, बोलायला मोकळा. पोलीस पाटील आण्णांनी त्याला झुंबरबाईकडं धाडलं. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की आण्णा त्याला तिच्याकडंच धाडत.

"बाई, काठावरली झाडं कुनाची?" हंबीररावानं विचारलं.

"बायांची."

"कुठल्या बायांची? बलवा त्यास्नी. बोलतो मी."

"सात जनी हाईत. डोहात ऱ्हात्यात. उतर खाली आन इचार."

हंबीरराव मोठ्यानं हसला. माणूस वाईट नव्हता. त्यानं आण्णांकडं चहा घेतला, डोहाला हात जोडले आणि गेला. लाकूड त्यानं दुसरीकडून नेलं. आमची छाती फुगली. कंपनीला एका बाईनं माघारी लावलं, ही बातमी गारगोटीच्या बाजारात आम्हीच चार ठिकाणी सांगितली. आण्णांनी झुंबरबाईला लुगडं नेसवलं. झाडं राखली म्हणजे ओढा राखला, एवढंच आमच्या बापजाद्यांनी शिकवलं होतं. ओढ्याच्या खालूनही कुणी येऊ शकतं, हे कुणाच्या डोक्यात येणार?

पुढच्या दिवाळीनंतर बांध घातला तेव्हा पाणी हवं तसं तुंबलं नाही. आम्ही म्हटलं, माती नीट बसली नसेल. त्या उन्हाळ्यात माझ्यापर्यंत पाणी आलंच नाही. पण माझ्यापर्यंत ते एरवीही रडतखडत यायचं, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. त्याच्या पुढच्या सालात मात्र पौषातच पाट रोडावला, आणि माघात डोहाचा तळ दिसला. म्हाताऱ्यांनीसुद्धा डोहाचा तळ कधी बघितला नव्हता. बायका ओटी घेऊन आल्या आणि ती कुठं सोडावी हे न कळून काठावर उभ्या राहिल्या. खाली भेगाळलेला चिखल होता आणि त्यात माशांची खवलं चमकत होती. बायकांतल्या काहीजणी तिथंच रडायला लागल्या.

आता यात आमची चूक काय झाली ते सांगतो, कारण परक्या माणसाला ती कळायची नाही. पाणी कमी झालं की आमच्याकडं एकच प्रश्न विचारतात: कुणी घेतलं? बाकी सगळं जागच्या जागी होतं. झाडं उभी होती, काठ शाबूत होता, आसरांची ओटी कधी चुकली नव्हती, पाऊसही बरा झाला होता. म्हणजे चोर गावातलाच. आणि सगळ्या शिवारात हिरवं काय दिसत होतं? आकारामची मिरची. बांधालगतची जमीन, तिथं थोडाफार पाझर होता, त्यावर ती तगली होती. पण पाझराची आठवण कुणाला होते? वाळलेल्या शेतात उभं राहून हिरव्या शेताकडं बघताना माणसाच्या मनात काय येतं, ते मी पाटाच्या शेवटाला राहून चांगलं जाणतो.

डोहावर गाव गोळा झालं. आकाराम पुढं आला. डोळे लाल झाले होते त्याचे. म्हणाला, "मी पानी चोरल्यालं न्हाय. आत्ता डोहात उतरतो आन ओंजळ पितो." आणि तो खरंच उतरला. चिखलाची खपली त्याच्या पायाखाली मोडली. तो मधोमध उभा राहिला, वाकला आणि तसाच थांबला, कारण ओंजळीत घ्यायला काही नव्हतं.

"काय घेतूस हातात? चिखुल?" झुंबरबाईनं काठावरून विचारलं.

आण्णा म्हणाले, "ज्योतिबाचा गुलाल आनू या. त्येच्यावर हात ठेवू दे."

"न्हाय आण्णा. पान्याची शपथ पान्यातच हुती. आजवर दुसरी चालली न्हाय," ती म्हणाली. "पानी न्हाय तर शपथ न्हाय. आन शपथ न्हाय तर त्यो सुटला न्हाय."

हे तिनं दुष्टाव्यानं म्हटलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. तिच्यापुढं नियम होता आणि त्या नियमावर तिनं गाव सांभाळलं होतं. दीर म्हणून सोडला असता तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं धरणार? पण आकाराम त्या कोरड्या डोहात उभा होता, आणि त्याला खरा म्हणणारं जे काही होतं ते नेमकं नाहीसं झालं होतं. माणसाची इतकी कोंडी झालेली मी दुसरीकडं बघितलेली नाही.

झुंबरबाईनं त्याचं दार स्वतःच्या हातानं दगड-मातीनं लिंपून बंद केलं. शालूबाई बांधावर बसून शिव्याशाप देत होती. झुंबरबाई मान वर न करता माती थापत राहिली. पाझर होता तोही हळूहळू आटला आणि मिरची जळून गेली. त्यांच्या दारात कुणी पाणी पिईना, विस्तव मागायला जाईना. वैशाखात दोघांनी घराला कडी घातली आणि इचलकरंजीला मागावर काम बघायला गेले. जाताना आकाराम प्रत्येकाच्या दारावरून गेला. कुणी बाहेर आलं नाही.

पाणी वाढलं नाही. चोर गेला तरी वाढलं नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. मग दुसरा चोर शोधणं आलं. भाऊ भावाच्या दाराशी पहारा द्यायला लागला. सोयरिकी मोडल्या. आण्णांच्या सुनेनं पाटातून घागर भरली म्हणून तिला भर पाणवठ्यावर दोघींनी ढकललं. झुंबरबाई दिवसभर पाटाच्या कडेनं फिरायची, प्रत्येक दाराशी वाकून बघायची, मातीला हात लावून ओल आहे का चाचपायची. चांगली धिप्पाड बाई, दोन सालांत चिपाड झाली. एकदा मला म्हणाली, "शेवटकर, माजं कुटं चुकतंय रं?" तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात गुंडूच्या बहिणीचं लग्न होतं. गुंडू गावचाच, पण खाणीत मजुरीला गेलेला. पंगतीत तो आपली मिजास सांगत बसला होता. "पान्याचं रडगानं आमच्याकडं न्हाय बाबा," तो म्हणाला. "खानीत गुडगाभर पानी. वरनं छतातनं धो धो पडतंय. इंजान लावून उपसतोय तरी सरना. पावसाळ्यात तर केवड्याचं कनीस पडलं वरनं. मुकादमानं फेट्यात खोवलं."

सगळे हसले. झुंबरबाई आमटी वाढत होती. ती तशीच उभी राहिली. मग तिनं बादली खाली ठेवली आणि मांडवातून सरळ ओढ्याकडं चालू लागली. काय झालं ते न कळून आम्ही दहा-बाराजण उष्ट्या हातांनी मागं निघालो.

ती आसरांच्या बनाशी थांबली. पायतण काढून तिनं भुईवर डोकं टेकलं आणि आत शिरली. आजवर तिथं कुणी पाय टाकला नव्हता. आम्ही बाहेरच उभे. आतून तिची हाक आली, "या. या सगळी. आता काय सोवळं पाळायचं ऱ्हायलं न्हाय." आम्ही केवड्याच्या काट्यांतून ओरबाडत आत गेलो. ओढ्याचा तळ तिथं खाली बसला होता. चांगलं विहिरीएवढं भगदाड पडलं होतं. वरून डोंगरातून येणारं पाणी, आमचं सगळं पाणी, गुळगुळ आवाज करत त्यात उतरत होतं. कडेचा एक वाळुंज मुळांसकट आत लोंबत होता. आम्ही बन राखलं होतं. कुणाला आत येऊ दिलं नव्हतं, स्वतःही आलो नव्हतो, आणि म्हणून तीन सालं हे कुणाला दिसलं नव्हतं.

"आकाराम," एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव आलं. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं खांद्याला खांदा लावून दगड वाहू लागली. बांध घालण्यात आमचा हात कोण धरणार? दगड टाकले, पाला टाकला, चिकणमाती टाकली. भगदाड सगळं गिळत राहिलं. खाली पोकळ होतं, वर भार पडेल तसा तळ आणखी खचत होता. आठवडाभर टाकलेलं सगळं एका दुपारी धाडकन आत गेलं आणि आकारामच्या शेताइतकं मोठं तोंड पडलं. एक बैल आणि गाडी जाता जाता वाचली. आण्णांनी सगळ्यांना मागं बोलावलं.

झुंबरबाई म्हणाली, खालून बंद करून घेऊ. ती आणि मी घाट उतरून खाणीवर गेलो. घाटात ती वाटेत कुठं टेकली नाही. खाणीच्या तोंडाशी आलो आणि मला आधी पाण्याचा आवाज आला. बोगद्यातून पाणी बाहेर काढायला त्यांनी चर खणला होता, आणि त्यातून आमचा ओढा कोकणात उतरत होता. नितळ, थंड, पहिल्यासारखा. चराच्या कडेला खालच्या वाडीतल्या बायका कळशा भरत होत्या.

हंबीरराव बोगद्याच्या तोंडाशी एका पेटीवर बसला होता. दाढी वाढलेली, कपडे चिखलानं भरलेले. झुंबरबाईला त्यानं ओळखलं. तिनं सगळं सांगितलं आणि हात जोडले. त्या बाईला हात जोडताना मी पहिल्यांदा बघितलं.

"बाई, ह्ये पानी मला तरी कुटं पायजे?" तो म्हणाला. "ह्या पान्यानंच बुडवलं मला. आतलं छत बसलं. दोन गडी गेले माजे. कंपनी म्हंत्या, कोळसा बी हलका हाय, काम बंद करा. आत जाऊन काय बांधू? डोंगराचं बूडच फुटलंय. आमी खाली खनत हुतो तवा वर वढा हाय हे कुनी इचारलं न्हाय बाई. मी बी न्हाय इचारलं. वरनं झाडं तेवडी बघितल्याली."

तिनं त्याला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटलं. मीच चार द्यायला तोंड उघडलं होतं. पण तो तसाच मान खाली घालून बसला आणि माझाही राग जागच्या जागी विझला.

परतताना ती चराशी थांबली. कळशी भरत असलेल्या एका म्हातारीनं वर बघितलं. "खंयसून इल्यात गो बाये?"

"घाटावरनं."

"उन्हान दमलंस मगे. पी, पी. कंपनीचा पानी आसा, गॉड आसा. आदी आमका कोसभर जावचा लागा. आता देवान दारात आणून दिल्यान." म्हातारीनं तांब्या भरून पुढं केला.

आयुष्यभर जिनं दुसऱ्यांना पाणी दिलं, तिला तिचंच पाणी कुणीतरी पाहुणचार म्हणून देत होतं. झुंबरबाईनं तांब्या दोन्ही हातांत घेतला, उभ्यानं सगळा प्यायली आणि परत दिला. "गोड हाय," म्हणाली. घाट चढताना ती मला म्हणाली, "त्या बायांच्या कळशा कशा रिकाम्या करू रं? आन न्हाय केल्या तर आपल्यास्नी काय पाजू?"

कचेऱ्यांचे उंबरे आम्ही झिजवले. साहेबलोक भले होते, ऐकून घ्यायचे, खुर्ची द्यायचे. पण ओढा एका जिल्ह्यात, खाणीचं तोंड दुसऱ्यात, आणि कंपनी तर गाशा गुंडाळून गेलेली. नालिश कुणावर करायची, हेच ठरेना.

मग झाडं जायला लागली. आधी वाळुंज वाळले, त्यांची मुळं पाण्यातच असतात. मग करंज, मग म्हातारा उंबर. केवड्याची जाळी पिवळी पडली. काठावर सरपण उभं आहे आणि घरात चूल पेटवायला काही नाही, तरी बायका कुऱ्हाड घेऊन जायला धजत नव्हत्या. एके दिवशी झुंबरबाईच पाणवठ्यावर येऊन म्हणाली, "तोडा. वाळल्यालं कुनासाठी राखायचं?" पहिला घाव घालायला कुणी पुढं होईना, तेव्हा तो तिनं घातला. पुढच्या पावसात, धरायला मुळं नसल्यामुळं, दोन्ही काठ ढासळले आणि पाट, बांधाची जागा, कासराभर राखलेली जमीन, सगळं एका पुरात वाहून गेलं. पावसाळा संपला आणि मागं नुसता दगडगोट्यांचा पांढरा पट्टा उरला. मी त्या सालात कोल्हापूरची वाट धरली. माझ्यासारखे पुष्कळ निघाले.

निघायच्या आधी झुंबरबाई माझ्याकडं आली. "शेवटकर, जाता जाता मला इचलकरंजीला ने," म्हणाली.

आकारामची खोली शोधायला फार वेळ लागला नाही. मागाच्या शेडला लागून चाळ होती, भिंती धडधडत होत्या. शालूबाई दारात मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिनं आम्हाला बघितलं आणि मान फिरवली, हात थांबवला नाही. आकाराम आत बसला होता, केसांत, भुवयांत कापसाची फुसं अडकलेली. पाच-सहा वर्षांत तो वीस वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. तो उठून उभा राहिला. "या वयनी," म्हणाला.

ती बसली नाही. "आकाराम, पानी तू चोरलं न्हवतंस. गावासमोर मी तुला चोर म्हनलो. ती चूक माजी हुती. आता गावातली समदी जनं ह्ये जानत्यात. मी सांगायला आलो."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. केवडा, भगदाड, खाण, कोकणातल्या बायका, वाळलेली झाडं, वाहून गेलेला काठ. तो ऐकत राहिला. शालूबाईचा हातही आता थांबला होता.

"मंग आता वढ्याला पानी?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"परत यायचं न्हाय?"

"न्हाय."

आकाराम परत खाली बसला. आपल्या हातांकडं बघत बसला. मग म्हणाला, "वयनी, मी चोर असतो तर लई बरं झालं असतं."

"आसं का बोलतूस रं लेकरा?"

"मी चोर असतो, तर मला हाकलल्यावर पानी तरी परत आलं असतं."

झुंबरबाईनं तोंडावर पदर धरला, पण रडणं तिला आवरलं नाही. ती उंबऱ्यातच खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. शेजारच्या खोल्यांतून माणसं डोकावली. शेडवरचा भोंगा झाला. आकारामनं खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला, तिच्या अंगाला पाय लागू नये म्हणून कडेनं पाय टाकला आणि कामाला गेला.